चक्कर येते म्हणजे नेमकं काय होतं?

"चक्करची गोळी द्या हो एक पत्ता."

आमच्या औषधांच्या दुकानात दिवसातून पाच-सहा वेळा तरी हे वाक्य कानावर पडतं. मागणारा कधी साठी उलटलेला शेतकरी असतो, कधी बारावीची मुलगी, कधी सासूबाईंना खुर्चीत बसवून धावत आलेली सून. गोळी मात्र सगळ्यांना एकच हवी असते. मी विचारतो, "चक्कर म्हणजे नेमकं काय होतं?" की समोरचा माझ्याकडे असा बघतो, जणू मी पाणी म्हणजे काय असं विचारलंय.

चक्कर या एका शब्दाखाली तीन निराळ्या तक्रारी नांदतात आणि आपल्या आज्या त्यांना निराळी नावं देत होत्या. घर फिरायला लागलं तर ते गरगरणं. डोळ्यांपुढे अंधारी येऊन हातपाय गळाले तर ती भोवळ किंवा घेरी. डोकं ठिकाणावर आहे, पण चालताना पाय एका बाजूला ओढले जातात, तो झोक. गरगरण्याचा माग बहुतेकदा कानात निघतो, भोवळीचा रक्तदाब, साखर, रक्त किंवा हृदयात, आणि झोक जाण्याचा नसांमध्ये किंवा मेंदूत. बहुतेकदा म्हणतो, कारण माणसं शब्दांची सरमिसळ करतात. म्हणून शब्दापेक्षा दोन गोष्टींवर जास्त भरवसा ठेवायचा: किती वेळ टिकतं आणि कशाने सुरू होतं.

मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. निदान डॉक्टरांनीच करायचं. त्यांच्याकडे जाण्याआधी घरी काय बघायचं, काय लिहून न्यायचं आणि कधी काहीच न लिहिता सरळ गाडीत बसायचं, एवढं सांगणार आहे.

पायरी पहिली: आधी दवाखाना की आधी वही?

चक्कर अचानक आली आणि तिच्याबरोबर बोलणं जड झालं, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात किंवा पाय ढिला पडला, एकाचे दोन दिसायला लागले, पाणी गिळताना ठसका लागायला लागला, धरूनसुद्धा उभं राहता येईना, किंवा कधी नव्हे इतकं डोकं फुटायला लागलं, तर वही बाजूला ठेवा आणि १०८ लावा. हा मेंदूचा झटका असू शकतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्यामुळे माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला होता, ती वेळ लक्षात ठेवा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात. सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात जा. गल्लीतल्या दवाखान्यात सलाईन लावून "बघू तासाभरात" म्हणत बसू नका.

इथे एक गोष्ट बजावून सांगतो. लहान मेंदूतला झटका सुरुवातीला सीटी स्कॅनमध्ये सहज निसटतो. स्कॅन नॉर्मल आला, पण माणसाला अजूनही उभं राहता येत नाही, असं असेल तर "घरी नेऊ का?" विचारण्याऐवजी "एमआरआय लागेल का, न्यूरॉलॉजिस्टना दाखवायचं का?" हे विचारा.

बाकी तातडीच्या खुणा: छातीत दुखणं किंवा जोरात धडधडणं, जिना चढताना अगर पळताना शुद्ध हरपणं, बसल्या जागी काही सूचना न मिळता कोसळणं. यात हृदयाची लय बिघडलेली किंवा झडप अरुंद झालेली असू शकते, आणि ईसीजी त्याच दिवशी निघायला हवा. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर ते आपणहून सांगा. डांबरासारखी काळी, चिकट शौच आणि भोवळ यांची जोडी जमली तर पोटात रक्तस्राव होत असेल. गुडघेदुखीसाठी महिनोन्महिने वेदनाशामक गोळ्या खाणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. पाळी चुकलेली आहे, ओटीपोटात एका बाजूला दुखतंय आणि घेरी येतेय, तर गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत राहिलेला असू शकतो. त्यात तासांचा हिशोब असतो. आणि एक कान अचानक बंद झाल्यासारखा वाटला, मळ असेल म्हणून सोडून दिलं, असं करू नका. कानाच्या डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा.

समोर कुणी भोवळ येऊन पडलंच, तर त्याला बसवू नका, आडवंच राहू द्या. पाय उंच करा, गर्दी हटवा. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतणं म्हणजे ते फुफ्फुसात ओतणं. कांदा नाहीतर चप्पल हुंगवल्याने शुद्ध येते असं वाटतं, कारण साधी भोवळ आडवं पडल्यावर मिनिटभरात आपोआपच ओसरते. श्रेय कांद्याला जातं. मिनिट-दोन मिनिटांत माणूस भानावर आला नाही तर १०८ लावा. श्वास नीट चालत नसेल तर लगेच छातीवर दाब द्यायला सुरुवात करा.

पायरी दुसरी: वहीत चार ओळी

वरचं काही नसेल तर घाई नाही. पुढे दोन-तीन वेळा चक्कर येईल तेव्हा नीट बघा. मोबाइलवर वेळ लावून किती सेकंद, किती मिनिटं टिकतं ते लिहा. त्याआधी काय करत होता: उठत होता, कुशीवर वळत होता, उन्हात रांगेत होता, की काहीच नाही? बरोबर काय होतं: कानात आवाज, उलटी, डोकेदुखी, घाम, उजेड सहन न होणं? आणि त्या दिवशी कोणत्या गोळ्या किती वाजता घेतल्या, शेवटचं खाणं केव्हा झालं?

घरच्यांनी अजून एक करावं. गरगरणं चालू असताना माणसाच्या डोळ्यांचा जवळून व्हिडिओ घ्या. कानाच्या आजारात बुबुळं ठरावीक तऱ्हेने झटके देत हलतात आणि डॉक्टरांसमोर गेल्यावर ती गपगुमान बसतात.

पायरी तिसरी: काही सेकंदांचं गरगरणं

आता माझ्या मावशीची गोष्ट सांगतो, कारण ती घरोघरी घडते.

दोन वर्षं मावशी गळ्यात पट्टा घालून फिरत होती. कुणीतरी मानेचा एक्स-रे काढून "मणक्यांत गॅप आहे, त्याची चक्कर" असं सांगितलेलं. साठीनंतर कुणाच्याही मानेचा एक्स-रे काढा, झीज दिसणारच. चक्कर येणाऱ्याला तेवढं कारण पुरतं आणि पट्टा खपतो. माझ्या मते महाराष्ट्रात चक्करसाठी सर्वांत जास्त फुकट बदनाम झालेला अवयव म्हणजे मान.

एका दिवाळीत तिच्याकडे होतो. माळ्यावरचा चकलीचा सोऱ्या काढायला तिने वर बघितलं आणि ओट्याला घट्ट धरून उभी राहिली. मी मनात आकडे मोजले. वीस-बावीसपर्यंत आलो तोवर ती म्हणाली, "गेलं." मग बोलताबोलता कळलं की रात्री उजव्या कुशीवर वळलं की पंख्यासकट छत फिरतं आणि डाव्या कुशीवर काही होत नाही. दोन वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं, आणि तिनेही सांगितलं नव्हतं. ती सगळ्यांना "चक्कर येते" एवढंच म्हणायची.

कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या पिशवीत चुन्याचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे, सूक्ष्म कण चिकटलेले असतात. वयाने, डोक्याला मार लागल्याने किंवा उगीचच त्यांतले काही सुटतात आणि शेजारच्या अर्धगोल नळीत जाऊन पडतात. डोकं हललं की ते नळीतल्या द्रवाला ढकलतात आणि मेंदूला वाटतं, आपण फिरतोय. कण खाली बसले की गरगरणं थांबतं, म्हणून ते एका मिनिटाच्या आत संपतं. गरगरायला लावणारे आजार अनेक आहेत, पण सगळ्यांत जास्त दिसणारा हाच.

कानाच्या डॉक्टरांनी मावशीला टेबलावर बसवलं, डोकं उजवीकडे वळवून झपकन मागे निजवलं. क्षणभर काही नाही, आणि मग तिची बुबुळं नाचायला लागली. हीच तपासणी, १९५२पासून चालत आलेली, यंत्र लागत नाही. पुढच्या पाच मिनिटांत त्यांनी डोकं टप्प्याटप्प्याने फिरवून कण होते तिथे परत पाठवले. अमेरिकेतल्या जॉन एप्ली या कानाच्या डॉक्टरांनी बसवलेली ही युक्ती एप्लीची क्रिया म्हणूनच ओळखली जाते. मावशी उठून म्हणाली, "एवढंच होतं?" पट्टा अजून कपाटात आहे. सातशे रुपये दिलेत, टाकवत नाही म्हणते.

ही क्रिया पहिल्यांदा डॉक्टरांकडूनच करून घ्या. कोणता कान आणि कोणती नळी हे त्यांना ठरवू द्या. पुन्हा उद्भवली तर त्यांच्या सांगण्याने घरी करता येते. उजव्या कानासाठी ती अशी: पलंगावर पाय लांब करून बसा, उशी अशी ठेवा की निजल्यावर खांद्यांखाली येईल. डोकं उजवीकडे अर्धं, म्हणजे ४५ अंश, वळवा. तसंच ठेवून मागे निजा. डोकं उशीच्या पलीकडे थोडं खाली झुकेल. गरगरेल, घाबरू नका, ३० सेकंद थांबा. गरगरणं त्याहून जास्त चाललं तर ते थांबेपर्यंत. डोकं न उचलता डावीकडे ९० अंश फिरवा, पुन्हा ३० सेकंद. आता अख्खं अंग डाव्या कुशीवर वळवा, नाक जमिनीकडे, पुन्हा ३० सेकंद. मग पाय खाली सोडून हळूच उठा. डाव्या कानासाठी सगळं उलट. जवळ कुणीतरी असू द्या. मानेचा खरोखरचा आजार, मानेतल्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असणं किंवा डोळ्याच्या पडद्याची नुकती शस्त्रक्रिया असेल तर घरी प्रयोग नको.

पायरी चौथी: तासांचं आणि दिवसांचं गरगरणं

वीस मिनिटांपासून बारा तासांपर्यंत गरगरतं, एका कानात दडा बसतो, भुंगा घोंगावल्यासारखा आवाज येतो, त्या कानाने कमी ऐकू येतं आणि गरगरणं गेल्यावर थोडं सुधारतं: हे मेनियरच्या आजाराचं चित्र. कानातल्या द्रवाचा फुगवटा. यात मीठ कमी करायला सांगतात, आणि आपल्याकडे मीठ म्हणजे पापड, लोणचं, फरसाण. ताटातलं वरचं मीठ बंद करून डब्यातली शेव चालू ठेवली तर काहीच केलं नाही.

अर्धशिशीची चक्कर यापेक्षा लबाड. पाच मिनिटांपासून तीन दिवसांपर्यंत कितीही टिकते आणि त्या वेळी डोकं दुखेलच असं नाही. बायकांमध्ये जास्त, पाळीच्या आसपास जास्त. एक प्रश्न कामी येतो: लहानपणी गाडी लागायची का? खंबाटकी किंवा कुंभार्ली घाटात दरवेळी पिशवी हातात धरून बसणाऱ्या मुली पुढे अर्धशिशीच्या चकरा घेऊन येतात, हे दुकानात बसून मीही पाहिलंय.

आणि सर्दी-तापानंतर एखाद्या सकाळी सुरू झालेलं, दोन-तीन दिवस न थांबणारं, उलट्या काढणारं गरगरणं बहुधा तोलाच्या नसेला आलेली सूज असते. जरा ओसरलं की उठून चालायला लागावं. हा सल्ला लोकांना क्रूर वाटतो. पण मेंदू नव्या तोलाशी जुळवून घेतो तो हालचालीतूनच. मात्र असं सतत गरगरणं पहिल्यांदाच होत असेल, त्यातून पन्नाशी उलटलेली, बीपी-शुगर असेल, तर मेंदूचा झटका नाही ना हे आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या.

पायरी पाचवी: उठलं की अंधारी

हिच्यासाठी घरचं बीपी मशीन पुरतं. पाच मिनिटं आडवं पडून बीपी घ्या. उभं राहा, एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. वरचा आकडा २०ने किंवा खालचा १०ने उतरला तर डॉक्टरांना हे आकडे दाखवा.

कारणं साधी असतात: मे महिन्यातला घाम, जुलाब, कमी पाणी. जुन्या मधुमेहात रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नसा मंदावतात, तेही. पण माझ्या काउंटरवरून सर्वांत ठळक दिसणारं कारण म्हणजे गोळ्याच.

एक काका दर महिन्याला दोन चिठ्ठ्या घेऊन येतात. एक बीपीची, एक लघवीची. एका महिन्यात कपाळावर टाके घालून आले. "रात्री लघवीला उठलो, दारातच पडलो." दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या तर एकीवर प्राझोसिन आणि दुसरीवर टॅमसुलोसिन. दोन्ही एकाच घराण्यातली, दोन्ही उभं राहिल्यावर रक्तदाब पाडणारी. दोघा डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी माहीत नव्हती. काकांनाही सांगायचं सुचलं नव्हतं, कारण "ती तर लघवीची गोळी आहे". मी त्यांना बीपीच्या डॉक्टरांकडे परत पाठवलं, त्यांनी औषध बदललं.

म्हणून दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरा आणि टेबलावर पिशवी उलटी करा. लघवी जास्त करणाऱ्या गोळ्या, झोपेच्या, ॲलर्जीच्या, मनाच्या आजाराच्या, आयुर्वेदिक म्हणून आणलेल्या, सगळ्या. जेंटामायसिन किंवा टीबीसाठी पूर्वी दिलं जाणारं स्ट्रेप्टोमायसिन या इंजेक्शनांनी कानातलं तोलाचं यंत्र कायमचं दुखावू शकतं, तेव्हा जुने कागदही न्या. आणि स्वतःच्या मनाने बीपीची गोळी बंद करू नका. तो मार्ग पहिल्या पायरीतल्या झटक्याकडे जातो.

रांगेत उभं राहून, रक्त बघून, देवळात गर्दीत घुसमटून येणारी तरुण पोरांची भोवळ वेगळी. आधी मळमळ, घाम, कानात दडा, मग अंधारी. सूचना मिळाली की लाज न बाळगता खाली बसावं किंवा आडवं व्हावं.

मधुमेहींसाठी: थरथर, घाम, भूक आणि गरगर वाटलं तर आधी साखर मोजा. ७०च्या खाली असेल, किंवा मशीनच नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, मग नीट खा. लाडू, चॉकलेट उपयोगाचं नाही. त्यातल्या तुपा-चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड घेणाऱ्यांची साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून त्या दिवशी डॉक्टरांना कळवाच. निर्जळी एकादशी आणि सकाळची गोळी ही जोडी दर आषाढीला कुणाला तरी माझ्या बाकावर आणून बसवते. उपवास करायचाच तर गोळीचं काय करायचं, ते आदल्या आठवड्यात विचारा.

रक्त कमी असण्याबद्दल थोडक्यात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. जिना चढताना धाप, फिकट पापण्या, जास्त जाणारी पाळी असेल तर हिमोग्लोबिन करून घ्या. गरोदर नसलेल्या बाईत १२च्या खाली कमी. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबू-आवळ्याबरोबर घ्या. पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं रक्त कमी निघालं तर नुसती लोहाची गोळी देऊन गप्प बसू नये. रक्त जातंय कुठे, ते शोधावं लागतं.

पायरी सहावी: झोक

सकाळी बेसिनपाशी डोळे मिटून तोंडावर पाणी मारताना पुढे किंवा बाजूला झोक जातो, आणि डोळे उघडले की सावरतं. चालताना चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. अंधारात भिंत धरावी लागते. पायाखालच्या जमिनीची खबर मेंदूला नेणाऱ्या नसा दुखावल्याच्या या खुणा. जुना मधुमेह आणि बी-१२ची कमतरता ही त्याची नेहमीची कारणं. शाकाहारी, वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे, रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी लागणारे यांनी बी-१२ तपासून घ्यावं. उशीर झाला तर नस पूर्ण भरून येत नाही. दिवसेंदिवस पाय रुंद फाकून चालणं, अक्षर बिघडणं असं काही वाढत चाललं असेल तर थेट न्यूरॉलॉजिस्ट.

काहींना मात्र मूळ आजार बरा होऊनही महिनोन्महिने तरंगल्यासारखं वाटतं, मॉलमधल्या रॅकांच्या रांगांत किंवा रेल्वे स्टेशनवर वाढतं. रिपोर्ट सगळे स्वच्छ. घरचे म्हणतात, "मनाचं आहे." आजार खरा असतो. मेंदू तोलाच्या बाबतीत अतिसावध झालेला असतो. त्याला तोलाचे व्यायाम आणि काही वेळा औषध लागतं. चक्करच्या गोळीने तो हटत नाही.

पायरी सातवी: त्या गोळीचं काय?

आता मुळात मागितलेला पत्ता. सिनॅरिझिन आणि प्रोक्लोरपेराझिन मळमळ-गरगर दाबतात आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत त्यांचा आधार वाटतो. पण या गोळ्या कानातले सुटलेले कण जागेवर नेत नाहीत, उतरलेलं बीपी चढवत नाहीत, बी-१२ देत नाहीत. वर मेंदू नव्या तोलाशी जुळवून घेत असतो, त्याला गुंगी देतात. वयस्कर माणसाने महिनोन्महिने घेतल्या तर हात थरथरणं, चाल मंदावणं अशी कंपवातासारखी लक्षणं येऊ शकतात, आणि मग कंपवाताची दुसरी चिठ्ठी सुरू होते. जुन्या चिठ्ठीवर "चालू ठेवा" लिहिलं असेल तर कधीपर्यंत, हे विचारून घ्या. विचारल्यावर रागावणारा डॉक्टर मला तरी क्वचितच भेटलाय.

गेल्या श्रावणात मावशीचा फोन आला. नमस्कार-चमत्कार नाही, थेट सुरुवात. "परवापासून डाव्या कुशीवर वळलं की फिरतंय. मोजलं, पंचवीस सेकंद. कान मोकळा आहे, बोलतेय नीट, उभं राहता येतंय. सूनबाईने डोळ्यांचा व्हिडिओ काढलाय. डॉक्टरांची उद्याची वेळ घेतलीय. तुला कशाला फोन केला माहितीय? तुझ्या आत्येला पट्टा हवाय का विचार, नवाच आहे."